एलटी सबनेटवर्कचे गट एक्स्पोर्टच्या वेळी काढा, नकाशात साठवून ठेवू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय की नाही ते कळेल. तुमच्याकडे आर्कजीआयएस युटिलिटी नेटवर्क (वीजजाळ्याचा संगणकीय नकाशा) आहे, त्यात एक टियर (थर) ११ केव्हीचा आणि एक एलटीचा, म्हणजे घरांपर्यंत जाणाऱ्या कमी दाबाच्या तारांचा. प्रत्येक डीटीसी (वितरण ट्रान्सफॉर्मर, बोलीत डीपी) म्हणजे एलटी टियरमधलं एक सबनेटवर्क, म्हणजे त्या एका ट्रान्सफॉर्मरवरून वीज मिळणारा भाग, अशी तुमच्याकडे चार हजारांवर आहेत. एक्स्पोर्ट टूल एका वेळी एकच सबनेटवर्क घेतं आणि एक जेसन फाइल देतं, आणि समोरच्या आउटेज सिस्टिमवाल्यांना (वीज कुठे गेली ते शोधणारी यंत्रणा) एवढ्या सुट्या फाइली नकोत, त्यांना फीडरनुसार, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या ११ केव्ही लाइननुसार, गठ्ठे हवेत. म्हणून तुम्ही दोन पर्याय विचारलेत: एका फीडरवरच्या सगळ्या डीटीसींना एकच सबनेटवर्क नाव द्यायचं, किंवा प्रत्येक एलटी लाइनवर आणि सर्व्हिस पॉइंटवर (ग्राहकाच्या जोडणीवर) फीडरच्या नावाचं एक फील्ड घालायचं.

माझं मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. कारण सबनेटवर्क ही विजेची गोष्ट आहे आणि गट ही पाठवणीची. कुठल्या डीटीसीतून कुठल्या घरापर्यंत वीज जाते हे जमिनीवरच्या तारा ठरवतात, आणि कुठले डीटीसी एका गठ्ठ्यात जायचे हे घेणाऱ्याच्या सोयीने ठरतं. घेणारा बदलला, फीडर बदलला की दुसरी गोष्ट बदलते, पहिली नाही. दोन्ही एकाच नावात कोंबलं की पुढे प्रत्येक बदलाला दोन्हीकडे हात घालावा लागतो.

आता नीट सांगतो.

एकच नाव द्यायचा पर्याय आधी बघू. तुमचा एलटी टियर रेडियल, म्हणजे वीज एकाच टोकाकडून येणारा, असेल (वितरणात बहुतेक ठिकाणी असतोच) तर एका सबनेटवर्कला एकच कंट्रोलर (वीज जिथून सुरू होते तो उगम) चालतो, दुसरा ट्रान्सफॉर्मर त्याच नावाने कंट्रोलर करायला गेलात तर सिस्टिम नाही म्हणणार. मग लोक टियर मेश (अनेक उगम चालणारा) करून टाकतात, डिसजॉइंट, म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या तुकड्यांच्या, सबनेटवर्कला परवानगी देतात, आणि चाळीस डीटीसी एका नावाखाली येऊन बसतात. एक्स्पोर्ट होतं, फाइलही एकच येते, सगळे खूश. पण त्यात तुमचा सगळ्यात चांगला राखणदार गेला. रेडियल टियर तुम्हाला न विचारता सांगत असतो की दोन डीटीसींची एलटी कुठेतरी एकमेकांना चिकटलेली आहे. मेश केलात की तो गप्प.

हे मी पुस्तकी बोलत नाही. पुण्यातल्या एका पेठेत अंडरग्राउंड एलटीचं काम होतं, केबल आणि फीडर पिलर (रस्त्याकडेची वाटपपेटी). अपडेट सबनेटवर्क (सबनेटवर्क तपासून नव्याने नोंदवणारं टूल) चालवलं की एरर, एका सबनेटवर्कमध्ये दोन कंट्रोलर सापडले म्हणून. ऑफिसात बसून दोन दिवस नकाशा बघितला, सगळं ठीक दिसत होतं. शेवटी वायरमनला घेऊन जागेवर गेलो. त्याने पिलरचं दार उघडलं तर आत पाच आउटगोइंग, चारवर फ्यूज लागलेले, आणि पाचव्याच्या तिन्ही जागा रिकाम्या, वरचे खालचे कॉन्टॅक्ट नुसते चमकत होते. लिंका (फ्यूजच्या जागी बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या) पिलरच्या तळाशी गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेल्या. म्हणाला, "साहेब, ही लिंक कायम काढलेलीच असते. पलीकडची डीपी गेली तरच टाकतो, ती चालू झाली की परत काढतो." सर्व्हे करणाऱ्याने दोन्ही बाजूंनी केबल येताना बघितली आणि स्टेटस क्लोज (जोडलेलं) लिहून टाकलं. एवढीच चूक, पण तिच्यामुळे दोन डीटीसींचे ग्राहक एकत्र दिसत होते. टियर मेश असता तर एरर आलीच नसती, एक्स्पोर्ट सुरळीत झालं असतं, आणि डीटीसीचं मीटर आणि खालच्या ग्राहकांची बिलं यांची बेरीज का जुळत नाही म्हणून कोणीतरी वर्षभर वीजचोर शोधत बसला असता. म्हणून रेडियल टियरला हात लावू नका, त्या एरर तुमच्या फायद्याच्या आहेत.

दुसरा पर्याय, एलटीच्या प्रत्येक फीचरवर फीडरचं नाव लिहून ठेवायचं. याचा अनुभव माझ्या पिढीच्या सगळ्यांना आहे. २००८ मध्ये केंद्राने आर-एपीडीआरपी ही वीज वितरण सुधारणेची योजना आणली, तिच्या भाग अ मध्ये जीआयएस मॅपिंग आणि ग्राहक इंडेक्सिंग (कुठला ग्राहक कुठल्या डीटीसीवर याची नोंद) होतं, मी खांबाखांबावर फिरून हे काम त्यातच शिकलो. तेव्हा आम्ही ग्राहकासमोर डीटीसी कोड आणि फीडर कोड दोन्ही लिहायचो. डीटीसी कोड बऱ्यापैकी टिकला, कारण घर एका डीपीवरून दुसऱ्या डीपीवर फारसं जात नाही. फीडर कोड मात्र बघता बघता सडला. नवीन सबस्टेशन झालं, फीडर तोडून दोन केले, आरएमयू (११ केव्हीची स्विचपेटी) बसवला, शेतीचा फीडर वेगळा काढला, दर वेळी काही डीटीसी इकडचे तिकडे, आणि ग्राहकासमोरचा कोड तसाच. कोणी मुद्दाम चुकवला नाही, पण एका जागी बदल झाला तर हजार जागी लिहिलेलं कोण बदलत बसणार? तुमच्या नव्या फील्डचं हेच होईल, खात्रीने.

मग गट काढायचा कुठून? ट्रान्सफॉर्मरवरून. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ट्रान्सफॉर्मरला दोन टर्मिनल असतात, एचव्ही (उच्च दाब) बाजूचं टर्मिनल ११ केव्हीच्या सबनेटवर्कमध्ये येतं आणि एलव्ही (कमी दाब) बाजूचं टर्मिनल तुमच्या एलटी सबनेटवर्कचा कंट्रोलर असतं. म्हणजे वरचं नातं आणि खालचं नातं दोन्ही माहीत असलेली नेटवर्कमधली ती एकच वस्तू आहे. दोन्ही टियर नीट अपडेट झाले असतील तर ट्रान्सफॉर्मरच्या सबनेटवर्क नेमच्या फील्डमध्ये दोन्ही नावं दुहेरी कोलनने जोडून दिसतात, फीडरचं आणि डीटीसीचं. तर सबनेटवर्क्स टेबलमधून एलटी टियरच्या ओळी घ्या, प्रत्येक ओळीत कंट्रोलर फीचरचा ग्लोबल आयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतो, त्यावरून ट्रान्सफॉर्मरवर जा, नाव तोडा, आणि तुकडे ११ केव्ही टियरच्या नावांच्या यादीशी ताडून बघा. जो तुकडा त्या यादीत सापडला तो फीडर, तोच गटाचं नाव. पहिला तुकडा फीडर आणि दुसरा डीटीसी असं क्रमावर अवलंबून काही लिहू नका, यादीशी ताडूनच ठरवा. फील्डवर भरवसा वाटत नसेल तर एचव्ही टर्मिनलपासून सबनेटवर्क कंट्रोलर ट्रेस चालवा, तो थेट फीडरचा ब्रेकर काढून देतो. वेळ जास्त लागतो पण पहिल्या एक-दोन वेळा दोन्ही पद्धती चालवून उत्तर जुळतंय का बघायला फार उपयोगी.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी टोपॉलॉजी व्हॅलिडेट (जोडण्या तपासून घेणं), मग ११ केव्हीचा टियर अपडेट, मग एलटीचा, आणि त्यानंतरच गट काढायचे. उलटं केलंत तर ट्रान्सफॉर्मरवर कालचं फीडर नाव असेल आणि आजची एलटी असेल. डर्टी (बदल झाला पण अजून अपडेट न केलेलं) सबनेटवर्क एक्स्पोर्ट होतच नाही, त्यामुळे एलटीची चूक टूल पकडेल, पण ११ केव्ही डर्टी आहे म्हणून टूल तुमचं एलटीचं एक्स्पोर्ट अडवणार नाही. ती काळजी तुमच्या स्क्रिप्टने घ्यायची.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल सांगायचंय ते. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री फक्त बदललेलीच सबनेटवर्क पाठवायची आहेत, म्हणजे शेवटच्या अपडेटची वेळ शेवटच्या अ‍ॅकनॉलेज केलेल्या, म्हणजे टेबलमध्ये पाठवल्याची नोंद झालेल्या, एक्स्पोर्टच्या नंतरची असेल तेवढीच. विचार बरोबर आहे, पण गटांच्या बाबतीत त्यात मोठं भोक आहे. समजा एक डीटीसी फीडर क वरून फीडर ख वर गेला. बदल कुठे झाला? ११ केव्हीवर, एखाद्या आरएमयूच्या स्विचला किंवा एबी स्विचला (खांबावरचा स्विच) किंवा जंपरला (दोन तारा जोडणारा तुकडा). डर्टी कोण झालं? फीडर क आणि फीडर ख. एलटीत एक तारही हलली नाही, त्या डीटीसीचं सबनेटवर्क जसंच्या तसं स्वच्छ आहे, त्याची अपडेटची वेळही जुनीच. तुमची स्क्रिप्ट त्याला बदललेल्यात धरणारच नाही. पण त्याचा गट बदललाय!

हे एका ठिकाणी आमच्याच कामात घडलं. नवीन सबस्टेशन चालू झालं, जुन्या लांबलचक फीडरचा शेवटचा भाग नव्या फीडरवर घेतला, बारा डीटीसी होते. नकाशात त्याच संध्याकाळी बदल झाला, दोन्ही फीडर अपडेट होऊन रात्री गेले. एलटीचे गट मात्र डेल्टावर, म्हणजे फक्त बदललेलं पाठवण्यावर, चालत होते, ते बारा डीटीसी जुन्याच गठ्ठ्यात राहिले. दोन आठवडे कोणाला कळलं नाही कारण लाइट चालू होती. मग पावसात नव्या फीडरवर फॉल्ट आला, ग्राहकांचे फोन यायला लागले, आणि आउटेज सिस्टिमने ते फोन जुन्या फीडरच्या नावावर गोळा केले. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला स्क्रीनवर दिसतंय जुना फीडर ट्रिप असावा, आणि स्काडावर (सबस्टेशनची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी यंत्रणा) जुना फीडर चालू. गँग आधी चुकीच्या बाजूला पेट्रोलिंगला गेली. रात्रीची वेळ, भर पाऊस, माणसं खांबावर चढणार आणि त्यांच्या हातातल्या माहितीत वीज कुठून येते तेच चुकीचं. मला ती रात्र विसरता येत नाही. नशिबाने त्यांची स्वतःची टेस्ट करून अर्थिंग करायची सवय पक्की होती.

म्हणून गटाची सदस्य यादी हा वेगळा डेल्टा आहे. रोज सगळ्या डीटीसींचं फीडर नव्याने काढा, ते कालच्या यादीशी ताडा, आणि ज्याचा फीडर बदललाय तो एलटीत काही बदललं असो वा नसो, पाठवायच्या यादीत घाला, आणि जुना गट व नवा गट दोन्ही परत पाठवा. चार हजार ट्रान्सफॉर्मरच्या ओळी वाचणं हे काही जड काम नाही, जड असतं ते एक्स्पोर्ट.

इथपर्यंतचं एकदा जोडून घ्या: एलटी टियर रेडियल, एक डीटीसी एक सबनेटवर्क, गट रोज ट्रान्सफॉर्मरवरून काढलेला, आणि बदल दोन ठिकाणी शोधायचा, एलटीच्या वेळेत आणि सदस्य यादीत.

आता फाइली जोडण्याबद्दल. चाळीस जेसन एकत्र करताना काही वस्तू दोनदा येतात. खांब दोन डीटीसींच्या तारा वाहत असेल तर तो दोन्ही फाइलींमध्ये असोसिएशनमधून (खांब आणि तार यांच्या नोंदलेल्या नात्यातून) येतो, त्यातला एक ठेवा, काही बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मरचं मात्र तसं नाही. तो फीडरच्या ११ केव्ही फाइलमध्येही असतो आणि त्याच्या एलटी फाइलमध्येही, ग्लोबल आयडी तोच. मी अशी स्क्रिप्ट बघितलीय जी ग्लोबल आयडीवर डुप्लिकेट काढताना एलटीकडची कनेक्टिव्हिटीची ओळच उडवत होती. मग समोरच्या सिस्टिममध्ये ट्रान्सफॉर्मरला ११ केव्ही येते आणि खाली काहीच जात नाही, सगळी एलटी अधांतरी. तर फीचरची नोंद ग्लोबल आयडीवर एक करा, पण कनेक्टिव्हिटीच्या ओळी दोन्हीकडच्या पूर्ण ठेवा आणि त्यांची ओळख ग्लोबल आयडी अधिक टर्मिनल आयडी अशी धरा. ११ केव्ही आणि एलटी त्या दोन टर्मिनलच्या मधेच शिवले जातात.

अनाथ डीटीसींची सोय पहिल्या दिवसापासून करा. काही ट्रान्सफॉर्मरना फीडर सापडणारच नाही. कधी डीओ फ्यूजचं (ट्रान्सफॉर्मरच्या ११ केव्ही बाजूचा फ्यूज) स्टेटस ओपन लिहिलेलं असतं, कधी जंपर लाइनला नीट जोडलेला नसतो, नकाशात टेकलेला दिसतो पण जोडलेला नसतो, कधी डीटीसी खरोखरच बंद पडून आहे. त्यांना गाळू नका. वेगळ्या गटात टाका, गटाचं नाव सरळ अनाथ ठेवा, आणि रोज सकाळी ती यादी एडिटिंग टीमकडे जाऊ दे. गठ्ठ्याबरोबर एक छोटी सूची फाइल पाठवा, त्यात गटाचं नाव, सदस्य डीटीसींची यादी, प्रत्येकाखालच्या ग्राहकांची संख्या आणि एक्स्पोर्टची वेळ. सगळ्या गटांमधल्या डीटीसींची बेरीज आणि सबनेटवर्क्स टेबलमधली एलटीची संख्या जुळलीच पाहिजे, अनाथ धरून. एकानेही फरक आला तर त्या रात्री काही पाठवायचं नाही, एवढा कडक नियम ठेवा.

अ‍ॅकनॉलेजचं थोडं सांभाळून. ते डिफॉल्ट व्हर्जनवरच (नकाशाच्या मुख्य प्रतीवरच) होतं, आणि काढून टाकलेल्या कंट्रोलरची ओळ अ‍ॅकनॉलेज झाल्यावर टेबलमधून कायमची जाते. म्हणून काढलेल्या डीटीसींचे जुने गट आधी कालच्या सूचीतून उचलून ठेवा, नाहीतर समोरच्याला तो डीटीसी गेला हे कधी कळणारच नाही आणि त्याच्याकडे भूत म्हणून राहील. आम्ही पहिली फेरी अ‍ॅकनॉलेज न करता मारतो, बेरजा तपासतो, जुळलं की दुसरी फेरी अ‍ॅकनॉलेजसह, आणि पाठवतो ती दुसऱ्या फेरीचीच फाइल. तेवढा वेळ डिफॉल्टमध्ये कोणाचेही बदल पोस्ट करणं बंद.

नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, सबनेटवर्कच्या नावात फीडर घालू नका आणि ट्रान्सफॉर्मरचा सीरियल नंबरही नको. ट्रान्सफॉर्मर जळतो, दुसरा येतो, १०० केव्हीएच्या जागी २०० येतो, जागा तीच राहते. डीपीच्या स्ट्रक्चरवर रंगवलेला जागेचा कोड हेच नाव.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी सगळं आउटेज सिस्टिम धरून लिहिलंय. घेणारा लोड फ्लो (तारांतला भार आणि दाब यांचं गणित) करणारा असेल तर फीडर पुरेसा नाही, एका सबस्टेशनचे सगळे फीडर एका गठ्ठ्यात हवेत. ऊर्जा ऑडिटसाठी उलट, तिथे गटच नको, डीटीसीवार फाइलच योग्य. कोणी सेक्शन ऑफिसनुसार मागितलं तर ट्रान्सफॉर्मरच्या बिंदूवरून सेक्शन ठरवा, एलटी लाइन हद्दीवर कापू नका, कारण तारा हद्द बघून ओढलेल्या नसतात आणि रस्त्यापलीकडची चार घरं नेहमी शेजारच्या डीपीवर असतात. आणि हे सगळं रेडियल एलटीचं झालं. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनसारखी एलटी असेल, जिथे एकाच जाळ्याला अनेक फीडर एकाच वेळी नेटवर्क प्रोटेक्टरमधून (वीज उलटी वाहू न देणारे स्विच) पोसतात, तिथे एलटीला एक पालक फीडरच नसतो, ते जाळंच एक गट. तुमच्याकडे एखाद्या मोठ्या संकुलात दोन ट्रान्सफॉर्मर खरोखर पॅरलल चालत असतील तर तेवढ्यासाठी वेगळा मेश टियर करा, आणि आधी बस कपलर (दोन ट्रान्सफॉर्मरच्या बाजू जोडणारा स्विच) खरंच जोडलेला आहे का हे जागेवर जाऊन बघा, कारण माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा तो उघडाच असतो आणि ते दोन साधे रेडियल निघतात.

सुरुवात एका फीडरने करा. असा निवडा ज्यावर गेल्या वर्षात डीटीसी इकडून तिकडे गेलेत. त्याचा गट काढा, डीटीसींची यादी छापा आणि त्या भागातल्या लाइनमनसमोर ठेवा, तो अर्ध्या तासात सांगेल कुठले दोन त्या फीडरवर नाहीतच. त्याची आणि स्क्रिप्टची यादी जुळली की मग बाकीचे फीडर घ्या. आणि तुमच्या आउटेज सिस्टिमला गटातला एकच डीटीसी बदलला तर पूर्ण गट परत लागतो की तेवढाच चालतो, हे त्यांना विचारून इथे लिहा, डेल्टाची स्क्रिप्ट कशी लिहायची ते त्यावर ठरेल, मी पुढचं सांगतो.